सोन्याच्या नॅनोकणांवरचा थर कसा बदलायचा आणि तो खरंच बदलला हे कसं तपासायचं

एमएस्सीच्या प्रकल्पाला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला लागलेल्या विद्यार्थ्याला बऱ्याचदा हे काम मिळतं: सोन्याचे नॅनोकण बनव, त्यांवर अमुक रेणूचा थर चढव आणि काय फरक पडला ते दाखव. शोधनिबंधांत ही कृती तीन ओळींत आटोपलेली असते. न लिहिलेलं बरंच काही हाताने करतानाच कळतं, आणि तोवर महागडं सोन्याचं क्षार संपत आलेलं असतं. मी या वाटेने गेलो आहे. नव्याने येणाऱ्यांचा वेळ आणि रसायन वाचावं म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. थर म्हणजे कणाला वरून घातलेलं वेष्टन नव्हे. तो कणाचाच भाग आहे. '१३ नॅनोमीटरचं सोनं' हे अर्धंच वर्णन झालं. त्यावर काय बसलं आहे हे सांगितल्याशिवाय तो कण मिठाच्या पाण्यात टिकेल का, पेशीत जाईल का, उत्प्रेरक म्हणून चालेल का, यातलं काहीच सांगता येत नाही.

१. आधी समजून घ्या: थर नेमकं काय बदलतो

आकार लहान होतो तसा पृष्ठभागाचा वाटा वाढतो. १३ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणात साधारण ६८ हजार अणू असतात आणि त्यांतले दहातला एक पृष्ठभागावर असतो. २ नॅनोमीटरच्या कणात निम्म्याहून जास्त अणू पृष्ठभागावर येतात. म्हणजे निम्मा कण थरातल्या रेणूंशी थेट बांधलेला असतो.

इतक्या लहान कणांत थर आतली रचनाही ठरवतो. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने १०२ सोन्याचे अणू आणि ४४ थायॉल रेणू (टोकाला गंधक-हायड्रोजन गट असलेले सेंद्रिय रेणू) असलेल्या कणाची स्फटिकरचना उलगडली. त्याआधी बहुतेकांची समजूत अशी होती की सोन्याचा गोळा जसाच्या तसा असतो आणि गंधकाचे अणू त्यावर नुसते टेकलेले असतात. रचनेत वेगळंच दिसलं. गंधकाने सोन्याचे काही अणू पृष्ठभागातून उचलून घेतले होते आणि गंधक-सोनं-गंधक अशा कमानी तयार झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी २५ अणूंच्या कणाची रचना आली: मध्ये १३ अणूंचा गाभा, उरलेले १२ सहा कमानींत, आणि १८ थायॉल. या कणाला सोन्याच्या नॅनोकणांचा ओळखीचा लाल रंग देणारा प्लाझमॉनचा पट्टा (धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित दोलनामुळे होणारं प्रकाशाचं शोषण) नसतो. तो धातूपेक्षा रेणूसारखा वागतो.

मोठ्या कणांत गाभा सहसा तसाच राहतो, पण बाकीच्या गोष्टी बदलतात. रंग थोडा सरकतो, कारण प्लाझमॉनची तरंगलांबी कणाला लागून असलेल्या माध्यमाच्या अपवर्तनांकावर अवलंबून असते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि सिलिकाचा साधारण १.४५, म्हणून सिलिकाचं कवच चढवलं की शोषणाचं शिखर लाल बाजूला जातं. कण कशात विरघळतो हेही थरच ठरवतो. १९९४ मध्ये लिव्हरपूलच्या ब्रस्ट आणि शिफ्रिन यांनी दिलेल्या पद्धतीने डोडेकेनथायॉल लावलेले १ ते ३ नॅनोमीटरचे कण बनतात. ते वाळवून पावडर करता येतात आणि टोल्यूइनमध्ये पुन्हा विरघळवता येतात. पाण्यात मात्र ते जात नाहीत.

वाढ चालू असताना थर असेल तर तो कणाचा घाटही घडवतो. चांदीच्या कणांत पीव्हीपी हा बहुवारिक ठरावीक स्फटिक-पृष्ठांना जास्त घट्ट चिकटतो, त्या दिशेची वाढ मंदावते आणि घन आकाराचे कण मिळतात. सोन्याच्या नॅनोकांड्यांभोवती सीटॅब या साबणासारख्या धनभारित रेणूचा दुहेरी थर असतो. या कांड्या कुणी तुमच्या हाती दिल्या तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: सीटॅब पेशींना घातक आहे, आणि फार वेळा धुतलं की थर सुटून कांड्या एकमेकींना चिकटतात.

२. काय हवं आणि कशासाठी, हे आधी ठरवा

काम पेशींवर किंवा रक्तद्रवात असेल तर पीईजी-थायॉल (पॉलिएथिलीन ग्लायकॉलची लांब साखळी असलेलं थायॉल) घ्या. पुढे प्रतिपिंड किंवा दुसरा रेणू जोडायचा असेल तर टोकाला कार्बॉक्सिल गट असलेलं थायॉल, उदाहरणार्थ ११-मर्कॅप्टोअनडेकॅनॉइक आम्ल. हेतू उत्प्रेरणाचा असेल तर दाट थायॉल टाळा. गंधक पृष्ठभागावरच्या जागा अडवतो आणि अभिक्रिया मंदावते. ४-नायट्रोफिनॉलच्या क्षपणाची नेहमीची चाचणी सिट्रेटच्या (सिट्रिक आम्लाच्या क्षाराचा थर असलेल्या) आणि थायॉलच्या कणांवर शेजारी शेजारी करून पाहिलीत तर हा फरक स्वतःच दिसेल.

या लेखात मी सिट्रेटचे कण बनवून त्यांवर पीईजी-थायॉल चढवण्याची कृती दिली आहे. नवख्यासाठी ही सर्वांत चांगली, कारण थर बसला की नाही हे साध्या मिठानेही कळतं.

३. सामान आणि कागदपत्रं

रसायनं:
- क्लोरोऑरिक आम्ल, तीन पाण्याचे रेणू असलेलं (रेणुभार ३९३.८३); खाली 'सोन्याचं क्षार' म्हटलं आहे ते हेच
- ट्रायसोडियम सिट्रेट डायहायड्रेट (२९४.१०)
- मेथॉक्सी-पीईजी-थायॉल, ५००० रेणुभाराचं
- मीठ, म्हणजे शुद्ध सोडियम क्लोराइड
- १८.२ मेगाओहम-सेंटीमीटर दर्जाचं पाणी
- संहत हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल, फक्त काचसामान धुण्यासाठी

उपकरणं:
- २५० मिलिलीटरचा गोल बुडाचा फ्लास्क, कंडेन्सर, हीटिंग मँटल किंवा तेलाचा बाथ, मॅग्नेटिक स्टरर
- १५,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५,००० पट) पर्यंत जाणारं सेंट्रिफ्यूज
- यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर
- डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणाचा व्यास) आणि झीटा (कणाच्या पृष्ठभागाजवळचं विभव, भाराचा अंदाज देणारं) मोजणारं यंत्र, विभागात नसेल तर जवळपास कुठे आहे याची माहिती

कागदपत्रं:
- प्रत्येक रसायनाची सुरक्षा पत्रिका, छापून टेबलाजवळ
- खरेदीचा इंडेंट आणि कोटेशनं (सोन्याचं क्षार यायला वेळ लागतो, प्रकल्प सुरू होण्याआधीच मागवा)
- बाहेरच्या केंद्रात नमुना पाठवायचा असेल तर मार्गदर्शकाच्या सहीचं पत्र आणि त्या केंद्राचा नमुना-अर्ज
- पेशी किंवा प्राण्यांवर काम होणार असेल तर संस्थेच्या संबंधित समितीची मंजुरी, आणि तीही आधी

सोन्याचं क्षार हवेतला ओलावा झपाट्याने ओढतं, त्यामुळे उघडलेल्या बाटलीतून दर वेळी थोडं थोडं तोलणं हा वजन चुकवण्याचा हमखास मार्ग आहे. एक ग्रॅमची बाटली एकाच वेळी १०० मिलिलीटर पाण्यात विरघळवा. २५.४ मिलीमोलरचा साठा तयार होतो. तो काळ्या किंवा फॉइल गुंडाळलेल्या काचेच्या बाटलीत, थंड जागी ठेवा. स्टीलचा चमचा या क्षाराला लावू नका, धातूवर सोनं तिथल्या तिथे क्षपित होतं. प्लॅस्टिकचा वापरा.

४. काचसामान धुणं

सिट्रेटची पद्धत फसते ती बहुतेक वेळा इथेच. आधीच्या प्रयोगातला सोन्याचा अदृश्य अवशेष फ्लास्कच्या काचेवर राहिला तर त्यावरच नवे कण वाढू लागतात, आणि लाल द्रावाऐवजी जांभळा गढूळ द्राव हाती येतो.

आम्लराज, म्हणजे अ‍ॅक्वा रेजिया, हायड्रोक्लोरिक तीन भाग आणि नायट्रिक एक भाग असं लागेल तेवढंच आणि त्याच वेळी करा. फ्यूम हूडमध्ये, चष्मा, हातमोजे आणि एप्रन घालूनच. हे मिश्रण झाकण लावून कधीही ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते. अ‍ॅसिटोन किंवा इतर सेंद्रिय द्रावक त्याच्या आसपासही नको. धुतलेलं आम्ल कचऱ्याच्या उघड्या भांड्यात शांत होऊ द्या, मग विभागाच्या नियमाने विल्हेवाट लावा. पहिल्या वेळी कुणीतरी अनुभवी शेजारी उभं असायलाच हवं. यात संकोच करू नका.

नंतर शुद्ध पाण्याने भरपूर वेळा खळबळा. स्टररचा चुंबकही याच पद्धतीने धुवा. तो नेहमी विसरला जातो.

५. सिट्रेटचे कण

ही पद्धत १९५१ मध्ये टर्केविच आणि सहकाऱ्यांनी मांडली. १९७३ मध्ये फ्रेन्स यांनी सिट्रेटचं प्रमाण कमी केलं की कण मोठे होतात हे दाखवलं. १३ नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांसाठी असं करा:

- साठ्यातलं ३.९४ मिलिलीटर घेऊन १०० मिलिलीटर, १ मिलीमोलर द्राव बनवा. कंडेन्सर लावून जोराने उकळू द्या.
- ११४ मिलिग्रॅम सिट्रेट १० मिलिलीटर पाण्यात विरघळवून ३८.८ मिलीमोलरचा द्राव तयार ठेवा.
- जोरात ढवळत असताना सिट्रेट एकदम ओता. थेंब थेंब टाकलंत तर कणांचा जन्म वेगवेगळ्या वेळी होतो आणि आकार पसरतात.
- रंग पिवळ्यावरून फिका, मग काळपट-निळा आणि शेवटी वाइनसारखा लाल होतो. मधला काळपट टप्पा पाहून घाबरू नका.
- लाल झाल्यावर आणखी १५ मिनिटं उकळा, मग ढवळतच थंड होऊ द्या.

द्राव ४ अंशांवर ठेवा. गोठवू नका, गोठलेला सिट्रेटचा द्राव परत लाल होत नाही.

६. हिशोब: किती कण, किती थायॉल

'जास्त टाकलं की झालं' असं म्हणून बरेच जण ही पायरी सोडतात. तरी कागदावर करा, फार सोपी आहे.

सगळं सोनं कणांत गेलं असं धरलं, तर ११० मिलिलीटर द्रावात सोन्याचं प्रमाण ०.९१ मिलीमोलर. त्याला ६८ हजाराने भागा. कणांचं प्रमाण सुमारे १३ नॅनोमोलर येतं. स्पेक्ट्रोमीटरवर पडताळा: १३ नॅनोमीटरच्या कणांचा मोलर विलोपन गुणांक ५२० नॅनोमीटरच्या शिखराजवळ साधारण २.७ × १०⁸ प्रति मोलर प्रति सेंटीमीटर असतो, म्हणून न पातळ केलेल्या द्रावाचं शोषण ३.५ च्या आसपास यायला हवं. बहुतेक यंत्रं तिथे विश्वासार्ह वाचन देत नाहीत. पाचपट पातळ करून मोजा, ०.७ च्या जवळ आकडा मिळेल.

एका कणाचा पृष्ठभाग सुमारे ५३० चौरस नॅनोमीटर. साखळीदार थायॉलचा एक रेणू ०.२१ चौरस नॅनोमीटर जागा घेतो, म्हणजे कणामागे अडीच हजार रेणू. पीईजीची साखळी फुगलेली असते, ती याहून कमी संख्येने बसते. तरीही कणामागे पाच हजार रेणू उपलब्ध ठेवा: १० मिलिलीटर द्रावाला साधारण साडेतीन मिलिग्रॅम.

७. थर बदलणं

पीईजी-थायॉलची बाटली उणे २० अंशांवरून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आत दव धरतं. द्राव त्याच दिवशी बनवा. थायॉल हवेत हळूहळू डायसल्फाइड होतं आणि त्याचं बसणं मंदावतं.

थोड्या पाण्यात विरघळवलेलं पीईजी ढवळत्या कणांत घाला आणि रात्रभर ठेवा. रंगात डोळ्यांना दिसेल असा बदल व्हायला नको. जांभळट झालं तर थांबा आणि कारण शोधा. कार्बॉक्सिल-थायॉल वापरत असाल तर कणांचा पीएच आधी १० ते ११ वर न्या, म्हणजे टोकं ऋणभारित राहतील. आम्लधर्मी द्रावात हेच कण एकमेकांना चिकटतात.

मग धुणं. १३,००० ते १५,००० जी, अर्धा तास. तळाशी लाल, तेलकट दिसणारी गोळी बसते. वरचं पाणी हलकेच काढा, ताजं पाणी घाला. दोन-तीनदा करा. न चढलेलं पीईजी राहिलं तर पुढची प्रत्येक तपासणी खोटं बोलते. आणि एक सक्त सूचना: पीईजी चढवण्याआधी सिट्रेटचे कण असे फिरवू नका, ते तळाशी चिकटून बसतात आणि पुन्हा सुटे होत नाहीत.

८. थर बसला का? तपासण्या, माझ्या पसंतीच्या क्रमाने

*मिठाची चाचणी.* सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक. सिट्रेटचे कण केवळ भारांच्या अपकर्षणावर सुटे राहतात. मीठ तो भार झाकतं, कण जवळ येतात आणि लाल रंग निळा होतो. मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्येच ही गोष्ट नोंदवली होती, आणि जिलेटिनसारखा पदार्थ घातला की रंग टिकतो हेही. पुढे झिगमोंडी यांनी त्यावरून रक्षक पदार्थांसाठी 'सुवर्णांक' हे माप काढलं: १० मिलिलीटर सोन्याच्या द्रावात १० टक्के मिठाचा १ मिलिलीटर द्राव टाकल्यावर रंग बदलू नये यासाठी लागणारे रक्षक पदार्थाचे मिलिग्रॅम. तुम्ही शेजारी शेजारी दोन व्हायल घ्या, एकात सिट्रेटचे आणि दुसऱ्यात धुतलेले पीईजीचे कण, दोन्हीत मिठाचं अंतिम प्रमाण १५० मिलीमोलर करा. पहिला निळा पडतो. दुसरा तासाभरानेही लालच राहिला तर थर बसला आहे. त्याचा वर्णपटही घ्या: ६०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये नवी फुगवटी दिसायला नको.

*यूव्ही-व्हिजिबल.* पीईजीने शिखर फक्त एक ते चार नॅनोमीटर सरकतं. यंत्राची पायरी १ नॅनोमीटर असताना १ नॅनोमीटरच्या सरकण्यावर निष्कर्ष काढू नका.

*डीएलएस.* यात थर आणि त्यात अडकलेलं पाणी धरून व्यास मिळतो. पीईजीनंतर तो ३० नॅनोमीटरच्या आसपास जाणं स्वाभाविक आहे. मात्र प्रकाशाचं विकिरण व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतं. १०० नॅनोमीटरचा एक गठ्ठा १३ नॅनोमीटरच्या कणापेक्षा सुमारे दोन लाख पट जास्त प्रकाश विखुरतो, म्हणून धुळीचे दोन कण सगळा आलेख बिघडवू शकतात. नमुना गाळा आणि क्युवेट स्वच्छ ठेवा.

*झीटा.* सिट्रेटचे कण उणे ३० मिलिव्होल्ट किंवा त्याहून खाली दाखवतात, मेथॉक्सी-पीईजीनंतर आकडा शून्याकडे सरकतो. पीएच आणि क्षारांचं प्रमाण न लिहिलेला झीटा निरुपयोगी आहे.

*एफटीआयआर.* अवरक्त प्रकाशाच्या या वर्णपटात पीईजीचा ११०० प्रति सेंटीमीटरच्या जवळचा पट्टा दिसेल. सुट्या थायॉलचा २५५० च्या आसपासचा पट्टा नाहीसा झाला, म्हणून बंध बनला असं बरेच जण लिहितात. तो पट्टा मुळातच क्षीण असतो, तो न दिसणं एकट्याने पुरावा होत नाही. एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे अणू आणि त्यांचे बंध ओळखण्याची पद्धत) मिळालं तर गंधकाचं १६२ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळचं शिखर हे जास्त भक्कम.

*टीईएम.* म्हणजे पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी. नवखे विद्यार्थी यावर सर्वांत जास्त भिस्त ठेवतात. पण साध्या टीईएममध्ये सेंद्रिय थर जवळजवळ दिसतच नाही, दिसतो तो सोन्याचा गाभा. थर पाहायचा असेल तर ऋण रंजन (कणाभोवतीची पार्श्वभूमी गडद करणं) करून घ्यावं लागतं. ग्रिडवर कण गठ्ठ्याने दिसले तरी ते वाळताना जमलेले असू शकतात. द्रावात ते सुटे होते की नाही हे यूव्ही आणि डीएलएसच सांगतील.

९. अर्कापासून कण बनवणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या महाविद्यालयांत तुळस, कडुनिंब, गवती चहा यांच्या अर्काने कण बनवण्याचे प्रकल्प भरपूर होतात. याला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने केलेल्या कामाची पार्श्वभूमी आहे. २००४ मध्ये या गटाने गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी, चपटे कण मिळवले. अर्कातली अल्डिहाइडं आणि कीटोनं पृष्ठभागाला बांधली गेल्यामुळे सुरुवातीचे गोल कण द्रवासारखे वागतात आणि खोलीच्या तापमानाला एकमेकांत मिसळून त्रिकोण बनतात, असं त्यांनी मांडलं.

म्हणजे तिथेही गोष्ट थराचीच होती. तुमच्या अर्काच्या कणांवर कोणता रेणू बसला आहे हे ठाऊक नसेल, तर 'या कणांनी जिवाणू मारले' असं म्हणण्याआधी तोच अर्क सोन्याशिवाय, त्याच प्रमाणात वापरून पाहा. हे नियंत्रण नसेल तर श्रेय सोन्याचं की पानाचं, सांगता येत नाही. अर्कासाठी पानं कोणत्या महिन्यात तोडली आणि किती वेळ उकळली हेही लिहून ठेवा, त्यावर मिश्रण बदलतं.

१०. नमुना बाहेर पाठवताना

आपल्या महाविद्यालयात टीईएम किंवा एक्सपीएस नसेल तर आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची यंत्रं शोधता येतात. मुंबईच्या आयआयटीतलं सैफ (प्रगत विश्लेषण उपकरणांची सुविधा) हे बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीही नमुने घेणारं केंद्र आहे. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून धुतलेला नमुना हाती येण्याआधीच अर्ज करा.

पाठवण्याच्या दिवशी सकाळी यूव्ही घ्या आणि तो आलेख जपून ठेवा. वाटेत नमुना बिघडला तर फरक त्यावरूनच कळेल. व्हायल थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला थेट टेकवू नका. लेबलवर फक्त 'सोन्याचे नॅनोकण' असं लिहू नका. गाभ्याचा व्यास, थराचं नाव आणि रेणुभार, किती वेळा धुतलं, कशात विरघळवलं आहे, पीएच आणि तारीख हे सगळं येऊ द्या. सोबत सिट्रेटच्या मूळ कणांची एक व्हायल आणि नुसत्या पीईजीच्या द्रावाची एक व्हायलही द्या, आणि तिन्हींची मोजणी एकाच दिवशी, एकाच मांडणीत करून मागा.